गाडीचे अभ्यंगस्नान

दिवाळी अंकात आमच्या या सदराला दर वर्षी दोन पाने जास्त मिळतात, आणि दर वर्षी संपादक हळूच बजावतात, की काही तरी सणाला शोभेलसे लिहा. म्हणून यंदा आम्ही अभ्यंगस्नानावर लिहायचे ठरवले आहे. मात्र स्नान घ्यायचे आहे ते मोटारगाडीने. आणि तेही भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, तंबूच्या दारात, जिथे नळ नाही आणि असला तरी त्याला पाणी असेलच अशी खात्री नाही.

हसू नका. हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येऊन बसला आहे. आमच्या लहानपणी सुटी म्हणजे आजोळ, आणि फारच चैन झाली तर महाबळेश्वर. आता शुक्रवारी रात्री चिरंजीव गाडीच्या टपावर तंबू बांधतात, सूनबाई शेगडी आणि डबे भरतात, आणि शनिवारी पहाटे सगळे बिऱ्हाड सातारा रस्त्याला लागते. नसरापूरला उजवीकडे वळले, की मार्गासनीवरून वेल्हे. थोडे पुढे जाऊन कापूरहोळला वळले, की भोर. एकीकडे तोरणा आणि राजगड, दुसरीकडे रोहिडा आणि रायरेश्वर. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली सरकारने घेतला. पण आमच्या तोंडातले वेल्हे काही अजून सुटत नाही. तेवढे वाचकांनी गोड मानून घ्यावे.

डांबरी रस्ता संपला, की मुरूम सुरू होतो. पाऊस सरून पंधरा दिवस गेले, की त्या मुरमाचे पीठ होते, आणि पुढच्या गाडीने उडवलेले ते पीठ मागच्या गाडीवर चाळणीतून पडावे तसे पडते. रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती दाखवतात. गाडी काही त्या पठारावर जात नाही. पण पायथ्याचा रस्ता करून आलेल्या आमच्या पांढऱ्या गाडीवर त्या सातांपैकी निदान चार रंग आम्ही मोजले आहेत.

आता कुणी म्हणेल, राहू द्या मळकी, घरी जाऊन धुवा. सल्ला चांगला आहे. शेवटी आम्हीही तिथेच पोचणार आहोत. पण थोडी धुलाई वाटेवर करावीच लागते. समोरच्या काचेवर धूळ असली आणि ऊन तिरपे आले, की समोरचे काही दिसत नाही. दिव्यांवर चिखल असला, की अंधारात घाट उतरताना जीव मुठीत येतो. मागचे दिवे आणि नंबरपाटी दिसली नाही, तर मागून येणाऱ्याला आपला पत्ता लागत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा वाळून बसला, की पुढे हमरस्त्यावर वेग घेताच सुकाणू थरथरू लागते, आणि आपण उगाच गॅरेजवाल्याच्या दाराशी जातो. म्हणजे धुवायचे तर आहे. प्रश्न इतकाच, की किती, कशाने आणि कुणाच्या पाण्याने.

हा शेवटचा प्रश्न आम्हांला आधी सुचला नव्हता. तो कसा सुचला ते सांगतो.

तीन वर्षांमागे भाऊबीज आटोपून आम्ही वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या रस्त्याला गेलो होतो. एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन ओढ्याकाठच्या पडीत तंबू ठोकला. पाऊस नुकताच गेलेला, त्यामुळे ओढा चांगला घोटाभर वाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी गाडीकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता गाडी सुरू करून ती सरळ पाण्यात नेऊन उभी केली.

"बाबा, बघा! सर्व्हिसिंग फुकट!"

मग काय विचारता! बादली आली, साबणाची बाटली आली, स्पंज आला. आम्हीही लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. घरी नळाला बोट लावून अंगण धुणाऱ्या माणसाला एवढे पाणी एकदम मिळाले, म्हणजे त्याचे मूल होते. आमच्या सौभाग्यवती काठावर स्टोव्हपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बरे दिसते का हे? पाणी केवढे गढूळ झाले!"

"अगं, वाहते पाणी आहे," आम्ही म्हणालो. "वाहून जाईल."

नात आठ वर्षांची. ती मासे बघत बघत ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली होती. पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली, आणि जरा घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आजोबा, तिकडे एक आजी आहेत. त्यांनी भरलेला हंडा ओतून दिला."

आम्ही गेलो. ओढ्याच्या वळणावर, काठच्या वाळूत, चार दगड रचून केलेला एक झिरा होता. ओढ्याचे पाणी वाळूतून पाझरून त्यात येते, आणि वाडीची माणसे तेच पितात. त्यात आमच्या साबणाचा फेस तरंगत होता. काठावर सत्तरीची एक बाई रिकामा हंडा शेजारी ठेवून बसली होती.

"पावनं, वरली गाडी तुमची व्हय?"

आम्ही मान हलवली.

"धुवा की. मी बसते. निवळंल घटकाभरानं."

वाचकहो, ती बाई ओरडली असती, तर आम्हांला काही तरी उत्तर सुचले असते. ओढा काही कुणाच्या नावावर नाही, वगैरे. पण ती ओरडली नाही. पाणी निवळण्याची वाट बघत ती शांत बसली, आणि आमच्या नातीला शाळा कितवी, म्हणून विचारू लागली. आम्ही गाडी बाहेर काढली आणि तिच्याजवळ येऊन बसलो. चांगला पाऊण तास गेला. मग तिने वाटीने वरचे पाणी दोनदा उपसून टाकले, बोटाने चाखून पाहिले, आणि हंडा भरायला घेतला. उठताना म्हणाली, "आत्ता पानी हाय म्हून निवळतंय तरी. चैतात या एकदा. वाटी वाटीनं भरावं लागतंय."

तिचे ते वाक्य आमच्याबरोबर पुण्याला आले.

हा मुलूख पाण्याचा दरिद्री नाही, ही तर त्यातली खरी मेख. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. अंबी नदीवरचे पानशेत आणि मोसे नदीवरचे वरसगाव ही दोन्ही धरणे वेल्हे तालुक्यातली. त्यांचे पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून पुणेकरांच्या नळाला. पानशेत फुटले ती १२ जुलै १९६१ ची सकाळ जुनी पुणेकर मंडळी अजून विसरलेली नाहीत. भोरकडे वेळवंडीवर १९२७ साली पुरे झालेले भाटघर धरण आहे, नीरेवर नीरा-देवघर आहे. त्यांचे पाणी कालव्यांनी बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरसच्या उसाला जाते. आणि या धरणांच्या डोक्यावर डोंगरात बसलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला नि कोरड घशाला, ही म्हण इथे रोजची आहे. कारण साधे आहे. कातळाचा उतार पाणी धरून ठेवत नाही. पडले ते खाली जाते, आणि खाली गेलेले वर आणायचे, तर पंप हवा, वीज हवी, नळ हवा.

या डोंगराची ही खोड जुन्या लोकांना पक्की ठाऊक होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाणी पाहा, एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी बांधून साठा करा, आणि साठवलेले पाणी जपून वापरा, असा उपदेश आहे. राजगडावरचा पद्मावती तलाव पाहिला, तोरण्यावरची कातळातली टाकी पाहिली, की तो उपदेश कुठल्या अनुभवातून आला ते कळते. आपण त्याच गडांच्या पायथ्याशी जाऊन पाणी उधळणार, म्हणजे इतिहासाचे पुस्तक उशाला घेऊन झोपण्यासारखेच झाले.

घरी आल्यावर आम्ही एक हिशेब केला. आमच्या सोसायटीच्या नळाला रबरी नळी लावली, तर पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. गाडी धुवायला आम्हांला बारा मिनिटे लागत. झाले १४४ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, असे माप ठरवले आहे. म्हणजे आमची गाडी एका आंघोळीत अडीच माणसांचे दिवसभराचे पाणी पिऊन मोकळी होत होती. हंडा पंधरा लिटरचा धरला, तर त्या बाईच्या डोक्यावरच्या जवळजवळ दहा खेपा!

मग सबंध थंडीभर आमचे प्रयोग चालले. शेजारी म्हणत, यांना निवृत्ती मानवली नाही. पण शेवटी वाट सापडली ती नरकचतुर्दशीच्या न्हाणीघरात. आपले अभ्यंगस्नान आठवा. आधी तेल चोळायचे, मग उटणे लावायचे. अंगावरचा मळ पाणी पडण्याआधीच सुटलेला असतो; पाण्याने तो फक्त वाहून न्यायचा. म्हणून आमच्या आजोबांना एक घंगाळ पुरे, आणि आम्ही शॉवरखाली अर्धा तास उभे राहूनही घाम तसाच. गाडीचेही अगदी हेच आहे. आपण पाण्याच्या जोराने मळ काढायला बघतो, म्हणून पाणी जास्त लागते. मळ आधी सुटू दिला, तर तांब्याने काम होते.

तेव्हा पहिला नियम: कोरड्या धुळीवर फडके घासू नका. मुरमाची धूळ म्हणजे काळ्या कातळाचा चुरा. त्याचे कण गाडीच्या रंगापेक्षा कठीण असतात, आणि फडक्याखाली ते पॉलिशकागदासारखे चालतात. एका उन्हाळ्यात गाडी अशी पुसणाऱ्या माणसाला दिवाळीत तिच्यावर कोळ्याची जाळी दिसतात. लांब मऊ केसांचा कुंचला घ्यावा, आणि दाब न देता वरून खाली धूळ नुसती झटकावी. वाळलेला चिखल लाकडाच्या काडीने चाकांतून आणि चाकांवरच्या कमानींतून खरवडून काढावा. निम्मे काम इथेच होते, आणि पाण्याचा थेंबही लागत नाही.

दुसरा नियम: वेळ पहाटेची. दिवाळीनंतर डोंगरात दव चांगले पडते. सकाळी काचा आणि टप ओले असतात, धूळ मऊ झालेली असते. हे देवाने दिलेले फुकटचे उटणे आहे. त्याच वेळी वर थोडे पाणी सोडले, तर दुपारी लागते त्याच्या निम्म्यात काम भागते. शिवाय पत्रा गार असतो. उन्हात पाणी जागच्या जागी वाळून पांढरे डाग पडतात. लांबचा घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर आणि ब्रेकच्या तबकड्यांवर गार पाणी ओतायचे नाही, हे तर कढईवर पाणी टाकणाऱ्या कुठल्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

आता साधनांकडे वळू. स्वस्तापासून सुरुवात करतो.

सर्वांत गरीब साधन म्हणजे शीतपेयाची रिकामी बाटली. तिच्या झाकणाला दाभणाने सात-आठ भोके पाडली आणि बाटली दाबली, की छोटी झारी तयार. समोरची काच, दिवे, आरसे आणि नंबरपाटी एवढे एक-दोन लिटरमध्ये स्वच्छ होते. खरे सांगायचे, तर दोन दिवसांच्या मुक्कामात याहून जास्त काही लागतच नाही.

दुसरे, आणि आमच्या सर्वांत आवडीचे, म्हणजे बागेत फवारायचा हातपंप. पाच ते आठ लिटरचा मिळतो. वरची मूठ वीस-तीस वेळा दाबायची, आत हवा कोंडते आणि ती पाणी बाहेर ढकलते. त्यामुळे तो काठोकाठ भरू नये. पाऊण भरावा, म्हणजे हवेला जागा राहते. तोटी पंख्यासारखा पसरट फवारा देणारी घ्यावी. काम झाले, की हवा सोडून द्यावी; दाब भरलेला पंप उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. शेतकऱ्याचा पाठीवरचा पंप सोळा लिटरचा असतो. पण त्यात औषध फवारलेले असते, तेव्हा तो मागून आणायचा नाही. आमच्या मोजणीप्रमाणे या हातपंपाने सबंध गाडी साडेसहा लिटरमध्ये खंगाळून होते. अर्थात आधी कुंचला फिरवलेला असला तर.

तिसरा प्रकार टपावरच्या नळकांड्याचा. काळ्या रंगाचा चार इंची प्लॅस्टिकचा पाइप, दोन्ही तोंडे बंद, एका टोकाला तोटी आणि नळी. दीड मीटर लांबीत सुमारे बारा लिटर पाणी राहते, आणि दिवसभराच्या उन्हाने ते कोमटही होते. याला वीज नको, पंप नको. पण जोर बेताचा. कारण दहा मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला जो दाब असतो, त्याचा सातवा हिस्सासुद्धा गाडीच्या टपावरून जेमतेम मिळतो. भांडी घासायला आणि पाय धुवायला उत्तम. काही हौशी लोक जोर वाढावा म्हणून त्यात टायरच्या पंपाने हवा भरतात. ते मात्र करू नये. हे पाइप पाण्यासाठी केलेले असतात. कोंडलेल्या हवेने फुटले, तर त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात.

चौथा, बारा व्होल्टचा छोटा पंप. तो बादलीत सोडायचा, आणि गाडीत सिगारेट पेटवायची जी जागा असते, तिथे त्याची वायर खोचायची. लोक घाबरतात, की बॅटरी उतरेल. पाच अँपिअरचा पंप दहा मिनिटे चालवला, तर अँपिअर-तासाच्या हिशेबात एकसुद्धा भरत नाही. गाडीच्या धडधाकट बॅटरीला ते काहीच नाही. बॅटरी म्हातारी असेल, तर इंजिन सुरू ठेवा. नळीच्या तोंडाशी बंद-चालू करायचा खटका असणे मात्र जरूर. नाही तर दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत अर्धी बादली जमिनीला मिळते.

पाचवी, चिरंजीवांची लाडकी बॅटरीवरची बंदूक. बादलीतून पाणी ओढते आणि जोराने फेकते. आमच्याकडे आली ती मिनिटाला तीन लिटरच्या आसपास पाणी घेते. चिखल निघतो हे कबूल. पण ती टायरच्या भिंतीवर, दाराच्या रबरांवर आणि रेडिएटरच्या नाजूक पापुद्र्यांवर जवळून धरू नये. आणि तिच्यात एक दुर्गुण आहे: हातात आली, की माणसाला थांबवत नाही. म्हणून आम्ही तिच्यापुढे एकच बादली ठेवतो. बादली संपली, खेळ संपला.

सहावा मार्ग पाण्याचा जवळजवळ नाहीच. न खंगाळता पुसायचे एक द्रावण मिळते. बाटलीवर लिहिलेल्या मापाने ते बादलीभर पाण्यात कालवायचे. मऊ फडकी पाच-सहा घ्यावी, प्रत्येकाच्या घड्या घालून आठ पदर करावे, आणि दर फाशीला नवा पदर घ्यावा. हात सरळ रेषेत न्यायचा, गोल फिरवायचा नाही. मळलेले फडके पुन्हा बादलीत बुचकळायचे नाही. साध्या धुळीला हे उत्तम. वाळलेल्या चिखलाला मात्र नाही.

साधन कुठलेही घ्या, जागा नीट निवडा. अमेरिकेत रानात मुक्काम करणाऱ्यांना एक साधा नियम शिकवतात, की धुण्याचे काम ओढ्या-तळ्यापासून दोनशे फुटांवर करावे. मोठ्या माणसाची सत्तर पावले. आम्ही आता पावले मोजतो. सपाट गवताळ जागा बघतो, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. साबण वापरतच नाही. आणि गाडीखालचे तेल-ग्रीस तर ओढ्यात जाताच कामा नये. पानशेत-वरसगावच्या अंगाच्या ओढ्यात आज सोडलेले पाणी उद्या कुणाच्या नळाला येणार, हे पुण्याच्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांला फार उशिरा कळली. गाडी घरी आल्यावर धुतो, तशी घरून निघण्याआधीही धुवावी, विशेषतः खालून. चिखलातून गवताचे बी प्रवास करते. गाजरगवत सर्वांना ठाऊक आहे. भारतात त्याची पहिली नोंद झाली ती १९५५ साली, आपल्या पुण्यातच, असे सांगतात. आज देशात ते कुठे नाही, असे विचारावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात याच गवतासाठी रस्त्यांवर गाड्या धुण्याच्या खास जागा केलेल्या आहेत. आपण शहराच्या मोकाट प्लॉटवर गाडी उभी करतो, आणि तिच्या चाकांच्या कमानीत बसलेले बी वेल्ह्याच्या भातखाचरात नेऊन पेरतो. तिकडून धूळ आणली याची आपण तक्रार करतो; तिकडे काय नेले, याचा हिशेब कोण ठेवणार?

असो. गेल्या वर्षी चैत्रात आम्ही त्याच जागी गेलो. म्हाताऱ्या बाईने बोलावले होते, आणि बोलावणे मोडायचे नसते. ओढ्यात नुसते गोटे होते. झिरा दोन हात खोल खणलेला. तळाशी ताटाएवढे पाणी, आणि भोवती चार बायका आपापल्या पाळीची वाट बघत बसलेल्या. एक वाटी भरायची, पुन्हा तितके पाझरेपर्यंत थांबायचे. एक हंडा भरायला किती वेळ लागला ते आम्ही घड्याळात बघायला सुरुवात केली होती. मग लाज वाटून घड्याळ बघणे सोडून दिले.

आम्ही पाणी घरून नेले होते: वीस लिटरचे दोन डबे. पाच माणसांचे पिणे, स्वयंपाक, तोंड धुणे, सगळे त्यात. चिरंजीवांनी या खेपेला कुणी न सांगता बंदूक घरी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी भोके पाडलेली बाटली घेतली, आणि काच, दिवे, आरसे आणि नंबरपाटी एवढेच धुतले. बाकीची गाडी धुळीने माखलेली, तशीच. नातीने धुळीवर बोटाने आपले नाव काढले. तेही आम्ही पुसले नाही.

ती बाई हंडा डोक्यावर घेऊन वाटेने वर येत होती. आम्हांला पाहून थांबली. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"आवंदा गाडीला आंघूळ न्हाय?"

"नाही आजी. तिची आंघोळ आता घरी."

तिने चकचकीत दिव्यांकडे आणि काचेकडे पाहिले, आणि हसून म्हणाली, "तोंड तेवढं धुतलंया म्हना की."

घरी आल्यावर आम्ही गाडी धुतली. कुंचला, हातपंप आणि दोन फडकी. आठ लिटर. आमच्या सोसायटीतही उन्हाळ्यात टँकर येतोच. तेव्हा डोंगरातली ही शिस्त घरी सोडायचे काही कारण नव्हते.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. लक्ष्मीपूजनाला तिच्यापुढे पणती लावतो. हे सारे जरूर करावे. पण भाऊबीजेनंतर तंबू बांधून भोर-वेल्ह्याकडे निघाल, तर एक भरलेला डबा आणि एक भोके पाडलेली बाटली सामानात टाकायला विसरू नका. गाडीचे तोंड धुवा; अंग घरी येऊन धुता येते. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला उभे असाल, तर एकदा खालच्या अंगाला कोण बसले आहे, ते बघून या.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.